भाईसाबांच्या हातचा रस

बीपी लागेना. पट्टा सोडून मी पुन्हा गुंडाळला, तरी तेच. कारखान्याच्या गेटबाहेर मंडपात कमला आडवी पडली होती, आणि शेजारी माइकवरून तिच्याच नावाचा जयजयकार चालला होता.

मी कारखान्याच्या दवाखान्यात नर्स. यजमान रेल्वेत, भुसावळहून बदली होऊन जयपूरला आलो ते इथलेच झालो. गेटवर कुणी उपोषणाला बसलं की सकाळ-संध्याकाळ तपासायचं काम माझं. नाडी, बीपी, वजन आणि लघवीतले केटोन. पोटात काही नसलं की शरीर आपलीच चरबी जाळतं, त्याची राख म्हणजे केटोन समजा. ते दिसले म्हणून लगेच घाबरायचं नाही. लघवीच बंद झाली की घाबरायचं. कमलाची आदल्या संध्याकाळपासून बंद होती. पाणीही पोटात ठरत नव्हतं.

कमला जयपूरजवळच्या चाकसूची. ठेकेदाराने साफसफाईच्या बायका काढून टाकल्या, त्यांना परत घ्या, एवढीच मागणी. तिला बसवलं भाईसाबांनी.

भाईसाब आधी आमच्याकडे फिटर होते. मशीनमध्ये बोट चेचलं तेव्हा ड्रेसिंग मीच केलं. पट्टी बांधलेला हात वर करून त्यांनी गेट मीटिंग घेतली, म्हणजे पाळी सुटताना गेटवर भाषण केलं, आणि मशीनला जाळी बसवून घेतली. मग युनियनचे अध्यक्ष झाले, मग पार्षद, म्हणजे आपला नगरसेवक, मग आमदार. पहिलं उपोषण त्यांनी स्वतः केलं, आणि खरं केलं. केटोन खोटं बोलत नाहीत. आमदार झाल्यावर म्हणाले, शुगर निघाली. तेव्हापासून उपोषणाला दुसरे बसतात आणि शेवटी रस भाईसाब पाजतात. ज्याने बसवलं त्यानेच उठवायचं, असा आमच्या गेटचा रिवाजच पडला.

त्या दुपारी मॅनेजमेंटने मागणी मान्य केली. युनियनच्या सेक्रेटरीने, जगदीशने, माइकवर सांगितलं. ढोल वाजले. मी ग्लुकोजचं पाणी कालवलं. (बोलणं सगळं तिकडच्या हिंदीत, मी आपलं मराठीत लिहिते.)

"कमला, जिंकलात गं. पी आता."

"ना दीदी. भाईसाबांच्या हातून."

"अगं, ते इथं कुठं आहेत?"

"येतील. माझा नवरा गेला तेव्हा खांदा द्यायला ते होते. त्यांचा मान मी मोडू?"

मी जगदीशकडून फोन घेतला. निवडणूक जवळ आलेली. भाईसाब पार्टी ऑफिसात तिकिटासाठी बसलेले.

"प्रणाम सिस्टरजी! टीव्हीवाले घेऊन निघतोच. तोवर सांभाळा."

"काय सांभाळू? तिची लघवी बंद आहे. तुम्ही येऊ पण नका. फोन तिच्या कानाला लावते, फक्त 'पी' म्हणा."

"सिस्टरजी, तुम्हाला राजकारण कळत नाही. वरच्यांना आज फोटो दिसला पाहिजे. फोनवर कधी उपोषण सुटतं का?"

"तुमचं बोट बांधताना मी फोटोवाल्याची वाट नव्हती बघितली."

ते हसले. अगदी मनापासून हसले. आणि फोन ठेवला.

मग मी कमलाला सरळ खोटं सांगितलं. "भाईसाब म्हणाले, पिऊन घे."

"मग मला बोलू द्या ना त्यांच्याशी."

जगदीशने पुन्हा लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाहीच.

थोड्या वेळाने तिला झटके आले. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. जगदीश आडवा आला, "सिस्टरजी, भाईसाब पोचतच आहेत. मंडप रिकामा दिसेल!"

"मग तू झोप तिथं," म्हटलं, आणि तिला गाडीत घातलं.

वॉर्डात कोपऱ्यात टीव्ही होता. संध्याकाळी बातमी लागली. मंडप तोच, गादी तीच, आणि गादीवर नाकाच्या खालपर्यंत घूंघट ओढलेली बाई. भाईसाब तिच्या ओठाला मोसंबीच्या रसाचा ग्लास लावत होते. खाली नाव कमलाचं. बाई म्हणजे तिची जेठाणी, थोरली जाऊ, संतोष. सकाळीच मी तिला मंडपामागे कचोरी खाताना बघितलं होतं. आणि खरी कमला माझ्या पाठीमागे सलाइनवर, तोंडात नळी.

वाचली ती. पण किडन्या गेल्या त्या पुऱ्या परत आल्या नाहीत. बाकीच्या बायकांना कामावर घेतलं. घेताना मेडिकल असतं, म्हणजे अंगात काम करायची ताकद आहे ना ते डॉक्टर बघतात. कमला अनफिट ठरली. डॉक्टर तरी दुसरं काय लिहिणार? जिच्या उपोषणाने सगळ्या परत आल्या, तीच तेवढी बाहेर राहिली. भाईसाबांना तिकीट मिळालं, निवडूनही आले. मी तिच्यासाठी दोनदा त्यांच्या बंगल्यावर गेले. चहा मिळाला, चांगला मिळाला.

कमला अजूनही त्यांना नाव ठेवत नाही. डायलिसिसच्या खुर्चीवरून मलाच समजावते, "दीदी, टोंक रोडला ट्रॅफिक किती असतं, तुम्हाला माहीत नाही का?"

मी आता रिटायर आहे, तरी गेटवरची माणसं विचारायला येतात, उपोषणाला बसताना काय काळजी घ्यायची. मीठ-लिंबाचं पाणी, सावली, रोज तपासणी, हे सगळं सांगतेच. पण आधी विचारते, मागणी मान्य झाली तर ग्लास तू स्वतःच्या हाताने उचलशील का? नाही म्हणाला, तर बसू नको म्हणते.