माशाच्या तेलाची बाटली

मला मूलबाळ नव्हतं, आणि शेणव्याच्या बाजूच्या लोकांना माझ्याबद्दल सगळ्यांत आधी तेच कळलं. पहिल्याच मंगळवारी एका घरच्या सासूनं मला ओटीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुमाला पोरं किती, बाय?"

"नाहीत."

"जालीच नाय, का ऱ्हायली नाय?"

"लग्नच झालेलं नाही, मावशी."

तिनं सूप उचललं आणि तांदूळ पाखडायला लागली. बाळंतपणाविषयी मी जे सांगणार होते, ते तिच्यापुरतं तिथंच संपलं.

लढाईचे दिवस होते. सुईणीचं शिक्षण घेऊन मी शहापूरच्या दवाखान्यात लागले होते. दर मंगळवारी शेणव्याच्या बाजूच्या वाड्यांत जायचं, गरोदर बायका तपासायच्या, तान्ही मुलं तोलायची आणि आहाराविषयी चार गोष्टी सांगायच्या, हे माझं काम. जवळ एक छापील पत्रक दिलेलं होतं. गरोदर बाईनं रोज दूध, अंडी, लोणी आणि एक संत्रं खावं, असं त्यात होतं. त्या वाडीत संत्रं कुणी पाहिलं होतं की नाही, देव जाणे. महिनाभर मी ते पत्रक इमानानं वाचून दाखवलं. मग पिशवीच्या तळाशी घालून टाकलं आणि आजूबाजूला जे दिसत होतं तेच सांगायला लागले. नाचणी खा, कुळीथ खा, शेवग्याचा पाला खा, कालवणात मूठभर सुका जवळा टाका.

ऐकायचं कुणी? जांभळीच्या फांदीला तराजू टांगला, तर आया पोरांना पदराखाली झाकून घरी निघून जायच्या. "जितं माणूस काय कोन तोलतं? भाजी हाय काय ती?" असं म्हणायच्या. दोन कोस चालत जायचं आणि रिकामा तराजू घेऊन परत यायचं.

त्या सासूच्या घरात सून पोटुशी होती. वीस वर्षांची असेल. पहिलं मूल चार महिन्यांचं होऊन गेलेलं. तिच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक होत्या, पाय सुजलेले, आणि चुलीमागच्या भिंतीची भाजकी माती ती चोरून खायची. मी बोट लावून ते कोरलेलं भगदाड सासूला दाखवलं.

"हिला पोटभर जेवायला घाला, मावशी. जीव मातीकडे उगाच जात नाही."

"पोटभर घातलं का पोर मोटं व्हतं नि अडतं," ती म्हणाली. "माजी थोरली लेक तशीच गेली. दोन दिस आरडत व्हती. तवा तुमी कुटं व्हता?"

तेव्हा मी शाळेत होते. मी पुस्तकातलं सांगत राहिले. ती ऐकून घेत होती, आणि सुनेच्या थाळ्यात भात तेवढाच पडत होता.

पावसाळ्यात दवाखान्यात माशाच्या यकृताचं तेल आलं. गरोदर बायकांना आणि मुलांना वाटायचं होतं. काय आनंद झाला मला! अन्न बदलत नाही तर नको, रोज एक चमचा तेल तर जाईल पोटात. पहिली बाटली मी त्याच घरी नेली. सासूच्या हातात दिली, चमचा दाखवला, तीनतीनदा सांगितलं.

पुढच्या मंगळवारी बाटली अर्धी झालेली. मी सुनेला शाबासकी दिली. ती खाली बघत राहिली. त्याच्या पुढच्या मंगळवारी बाटली रिकामी. एवढं तेल एका माणसाच्या पोटात जाणं शक्य नव्हतं. मी गोठ्याशी गेले, आणि वास आलाच. बैलाची मान जुवानं सोलवटली होती आणि त्या जखमेवर माझं तेल चमकत होतं.

मी ओरडले. आयुष्यात कुणावर एवढी ओरडले नव्हते. चिखलात चालून माझे पाय कुजले होते, वर बसलेले साहेब दर महिन्याला अहवाल मागत होते, आणि इथं सुनेचं औषध बैलाच्या मानेला! शेजारच्या बायका कुडाशी येऊन उभ्या राहिल्या.

सासूनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "तिला दिलं तर दोन्ही येळा उलटली. ओकून टाकायचं त्यापरीस बैलाला लावलं. ऐन लावनीत बैल बसला तर समदीच उपाशी मरतील, बाय. बघा, मान भरली का नाय?"

मान खरंच भरत आली होती. मला रडू आलं, आणि ते रागाचंच होतं.

सून भाद्रपदात बाळंत झाली. मुलगी, अगदी लहानखुरी, पण रडली जोरात. मी तिसऱ्या दिवशी पोहोचले. आईचं पहिलं दूध पिळून जमिनीवर टाकलं होतं आणि मुलीला कापसाच्या वातीनं गुळाचं पाणी पाजत होते. बाळंतिणीला नुसती पातळ पेज. पाणीसुद्धा मोजून.

"डोळखांबकडच्या पाड्यांत बाळंतिणीला खेकड्याचा रस्सा देतात," मी म्हणाले. "त्या बायका आठव्या दिवशी कामाला लागतात."

"त्यांचं त्यांच्याकडं," सासू तुटकपणे म्हणाली. "आमच्यात नाय तसं."

त्या दिवशी मी हटून बसले. मुलीला अंगावर पाजल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. बसता बसता दिवस कलला. अखेर सूनच धीटपणे म्हणाली, "आना हिकडं," आणि मुलगी छातीशी घेतली. सासू पाण्याचा तांब्या घ्यायला उठली, आणि तिचा हात तांब्याच्या वीतभर बाजूला पडला. मग ती भिंत चाचपत गेली, उंबऱ्याला ठेचकाळली. बाहेर अजून एवढा उजेड होता की मला अंगणातलं शेण दिसत होतं.

"मावशी, दिसत नाही तुम्हाला?"

"कातरवेळी नाय दिसत. बायांना नाय दिसत तसं."

"कधीपासून?"

"थोरली पोटात व्हती तवापासनं."

म्हणजे पंचवीसेक वर्षं. मी इतके महिने त्या घरात येत होते, सुनेच्या थाळ्यात किती भात पडतो ते बघत होते. सासूचा थाळा मी एकदाही पाहिला नव्हता. मी सुनेला विचारलं. सगळ्यांचं झाल्यावर ती खरवड आणि कालवणाचं पाणी खाते, असं कळलं. सुनेला कमी घालणारी ही बाई तिच्याहून कमी खात होती. मला स्वतःचा इतका राग आला की तिचा निरोप न घेताच मी निघाले.

रातांधळेपणावर तेच तेल चालतं, म्हणून पुढच्या मंगळवारी मी दुसरी बाटली नेली आणि स्वतः सासूच्या तोंडात चमचा घातला. तिला उलटी झाली नाही. तोंड वाकडं करून म्हणाली, "बोंबलाच्या टोपलीवानी लागतं." पंधरा दिवसांत ती दिवेलागणीला विहिरीवरून एकटी यायला लागली. वाडीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं.

मी विचारलं, "आता पटलं का तेलाचं?"

"तेलाचं काय नाय गो. कोंबडा बोलली व्हती गावदेवीला, तो दिला."

बरं, कोंबडा तर कोंबडा. पण ती बाटली चालू राहायला हवी होती, आणि दवाखान्याच्या तक्त्यात रकाने होते तीनच: गरोदर, बाळंतीण, बालक. तिच्या वयाच्या बाईला रकाना नव्हता. मी वरच्या कचेरीला लिहिलं की अशा बायकांनाही तेल मिळावं. एका ओळीचं उत्तर आलं: नियमाप्रमाणे वाटप करावे. मग मी तिला गरोदरांत घातलं. चार महिने तेल मिळालं. तपासणीला आलेल्या साहेबांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "हिची प्रसूती कुठं नोंदवली आहे?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडून लेखी कबुली घेतली, बाटली बंद केली आणि माझी बदली मुरबाडला केली.

निघायच्या आधी मी त्या घरी गेले. मुलगी अंगावर पीत होती आणि बाळसं धरत होती. शेवग्याचा पाला रोज शिजवा आणि आधी स्वतःला वाढून घ्या, असं मी सासूला सांगितलं.

"आधी?" ती म्हणाली. "पुरुष मानसं जेवायच्या आधी? येड लागलं काय तुमाला, बाय?"

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मुरबाडच्या बाजारात त्या वाडीतली एक बाई भेटली. मुलगी चालते आहे, म्हणाली. मी सासूचं विचारलं. दिवस मावळला की ती आता परत ओटीवरनं हलत नाय, नातीला हाका मारत बसते, असं तिनं सांगितलं. मग ती मिठाचा भाव विचारायला पुढे गेली. मी त्याच दिवशी मुरबाडच्या डॉक्टरांकडे गेले आणि म्हाताऱ्या बायकांसाठी तेल मागितलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही शहापूरला काय केलंत ते माझ्या कानावर आलंय."