तळवलीच्या जळवेतला नवा जंतू

जळवेचे शुक्राणू मी नवा परजीवी जंतू म्हणून जाहीर केले. तेही चहाच्या वेळी, अख्ख्या विभागासमोर.

सत्तरच्या दशकाची अखेर. राहायला वाशीच्या नव्याकोऱ्या सोसायटीत, एम.एस्सी.ला ठाण्यात. दिवाळीपर्यंत लघुप्रबंधाला विषय सापडला नाही तर सर मला झुरळाचे पाय देणार होते, आणि मी झुरळांना घाबरतो. म्हणून वाटेत तळवलीला उतरून एका आजींच्या म्हशींच्या जळवा गोळा करायचो. आजी म्हशीच्या कासेवरून दोन बोटांनी जळू उचलून माझ्या डब्यात टाकायच्या. मी लांब उभा.

जळवेच्या वृषणकोशांच्या अकरा जोड्या मला तोंडपाठ होत्या. त्यांच्या आत काय चालतं, ते पाठ करायचं राहिलं होतं. एका कोशातला थेंब काचेवर घेतला, तर त्यात झेंडूची फुलं तरंगत होती! मध्ये गोळा, भोवती वळवळणारे केस. मी नाचलोच. दुसऱ्या दिवशी बसमधून उतरून आजींना सांगितलं, "किड्याला तुमच्या गावाचं नाव देणार!" आजींनी गावभर सांगितलं.

सरांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि काच जराशी सरकवली. "अरे, फुलाच्या शेजारी बघ की."

शेजारी साधी गोल पेशी होती. पुढे दोन चिकटलेल्या, मग चार, मग तुतीसारखा घोस. घोसाला शेपट्या फुटल्या की माझा झेंडू. आणि शेवटी झेंडूतून सुटलेले एकेकटे धागे, डोकं लांबुडकं, टोकाला मळसूत्रासारखा पीळ. इतकं देखणं काही मी तोवर पाहिलं नव्हतं. लाजायलाही विसरलो.

"सर, हे कसं घडतं, तेच लिहू?"

"लिही. झुरळं वाचली."

पेढे घेऊन तळवलीला गेलो आणि कबूल केलं, की किडाबिडा नाही, ते जळवेचंच बी. गावाचं नाव बुडालं.

"मंजी जलू नर व्हती?" आजींनी पेढा तोंडात टाकत विचारलं.

"नाही आजी. जळू नर नि मादी दोन्ही असते."

आजींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ती दोनी हाय, तरी तिला आपलं काय त्ये कलतं. तू निस्ता बाप्या, तरी तुला नाय कललं!"