झिरियाटोल्यासाठी तीन खोल्या

वर्गणी मागायला निघालं की पैसा सावकाश येतो, किस्से मात्र पहिल्या दारापासून जमायला लागतात. आमच्याकडे सहा-सात महिन्यांत इतके साठलेत, की विटांच्या जागी तेच रचले असते तर शाळा केव्हाच उभी राहिली असती!

आधी शाळेचं सांगते. भोपाळहून मिसरोदच्या पुढे जाऊन मोठा रस्ता सोडला की आत झिरियाटोला लागतो. मजुरीवर जगणारी वस्ती. तिथली शाळा भरते रामकलीच्या गोठ्यात. सकाळी म्हशी बाहेर, मुलं आत. रोज गावातलीच एक बारावी झालेली सून शिकवते आणि आठवड्यातून तीन दिवस आमच्या सबनीस बाई जातात.

शाळेला मान्यता हवी तर तीन पक्क्या खोल्या हव्यात, असं शिक्षण खात्याच्या दफ्तरातून कळलं. रामकलीची सुगना पाचवीत. मान्यता नाही तर तिच्या पाचवीला कागद नाही, आणि कागद नाही तर सहावीत कोण घेणार? मग आईबरोबर वीटभट्टीवर. म्हणून आम्ही तिघं कामाला लागलो: सबनीस बाई, देशकर आणि मी. तिघंही रिटायर्ड, त्यामुळे लाज घरी ठेवून हिंडायला मोकळे.

*

सबनीस बाई ग्वाल्हेरच्या. पस्तीस वर्षं गणित शिकवलेलं, त्यामुळे समोरचा माणूस चुकणारच या खात्रीनं बोलतात.

भोपाळच्या बरखेड्यात पहिलंच दार वाजवलं. गृहस्थांनी आमच्या हातातलं पावतीपुस्तक बघितलं आणि आम्ही तोंड उघडायच्या आत म्हणाले, "गणपतीची दिली!"

"उत्तम केलंत," बाई म्हणाल्या. "आता सरस्वतीची द्या."

गृहस्थ आत गेले. दार लावून घेतात की काय म्हणून मी धास्तावले होते, पण पाकीट घेऊनच बाहेर आले!

*

हल्ली कुणाच्या घरात कॅश नसते. "क्यूआर भेजिए, अभी करता हूँ," म्हणतात. मग आधी एक रुपया पाठवतात. टेस्टिंग!

"पहुँचा?"

"पहुँचा."

झालं. त्यानंतर माणूस गायब. मी चिडून चिडून थकले. बाई चिडल्या नाहीत. त्यांनी अशाच एका साहेबांच्या नावानं एक रुपयाची रीतसर पावती फाडली, लिफाफ्यात घातली आणि त्यांच्या घरी नेऊन बायकोच्या हातात दिली. "तुमच्या घरून शाळेला देणगी मिळाली, आभारी आहोत," एवढंच बोलल्या. संध्याकाळच्या आत एका अख्ख्या खिडकीचे पैसे आले.

*

देशकर नागपूरचे. सगळी नोकरी इथल्या, भोपाळच्या मंत्रालयात फायलींवर. तोंडी मागणं त्यांना जमतच नाही. "अर्ज असल्याशिवाय कोण काऊन देईल जी?" असं त्यांचं म्हणणं.

जवाहर चौकात एका कपड्यांच्या दुकानदाराकडे ते अर्ज घेऊन गेले. तीन प्रती. वर विषय, खाली संदर्भ, सोबत नकाशा! शेठजींनी बिचाऱ्यांनी वाचला आणि सुटका म्हणून कोपऱ्यात लिहिलं, "विचार करेंगे."

देशकर हरखून परत आले. "पाहा विजूताई, शेरा पडला! फाईल चालली!"

"अहो, त्याने नाही म्हटलंय तुम्हाला!" मी कपाळाला हात लावला.

पण ऐकतील तर देशकर कसले! दर मंगळवारी पाठपुराव्याला जायचे. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचे, पाणी प्यायचे आणि साडी बघायला आलेल्या प्रत्येक बाईला विचारायचे, "आपके यहाँ बच्चियाँ कौनसी क्लास तक पढ़ीं?" बायका साड्या सोडून शाळेविषयीच बोलत बसायच्या.

दोन महिन्यांनी शेठजींनी हात जोडले. "बाबूजी, एक कमरे की पूरी सीमेंट ले जाइए. बस कुर्सी खाली कर दीजिए!"

*

संक्रांतीला मी घरी हळदीकुंकू केलं. यंदा वाण मिळणार नाही, उलट प्रत्येकीनं विटांचे पैसे द्यायचे, असं निमंत्रणातच कळवलं. गहजब! "वाण लुटायचं असतं, मागायचं नसतं," असं एका इंदूरच्या वहिनींनी मला फोनवर पंधरा मिनिटं समजावलं.

तरी सगळ्या आल्या. कोण किती देतं ते बघायचं होतं ना! देणारीचं नाव वहीत लिहायचं, असं ठरलं होतं. त्याच वहिनींनी तीनशे विटा लिहायला सांगितल्या.

"शंभर-शंभर तिन्ही सुनांच्या नावानं लिहू का?" मी विचारलं.

"सुनांचं नाव कशाला? माझंच तीनदा लिही!"

*

पंख्यांचं मात्र आमचं चुकलं. विटेवर नाव दिसत नाही, प्लास्टरखाली जातं. पंख्यावर दिसतं. त्यामुळे जो तो म्हणायला लागला, "आमचा पंखा घ्या, बाबांच्या स्मरणार्थ." आम्ही खुशीत घेत गेलो. पाती रंगवून, नावं घालून अकरा पंखे जमले आणि आम्ही ते देशकरांच्या गाडीतून मिरवत टोल्यावर नेले. तोवर जोत्याच्या वर एक वीट चढलेली नव्हती. आणि टोल्यावर वीज नव्हती!

रामकलीनं सगळे पंखे नीट बघितले. मग गोठ्याकडे बोट दाखवलं. "दीदी, हवा तो इतनी है कि छप्पर उड़ जाता है. छप्पर दे दो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत अकरा दारं! "बाबांचं नाव पंख्यावरून काढून छताच्या पत्र्यावर घातलं तर चालेल का?" हे विचारायला मी एकटी गेले, कारण मूर्खपणात मीच पुढे होते. एक साहेब म्हणाले, "पत्रा गंजेल, बाबांना चालायचं नाही." त्यांचा पंखा परत केला. बाकीच्या दहा जणांनी पत्रे दिले.

*

एवढं करून मार्चअखेर दोनच खोल्या झाल्या. भिंती, छत, दारं, सगळं पक्कं. तिसरीचे पैसे नाहीत. गणेशोत्सवापासून तीच तीच घरं पालथी घातलेली. लोक आम्हाला बघून गल्ली बदलायला लागले होते. बाईंचा गुडघा सुजला होता आणि देशकरांच्या सौ. आमच्याशी बोलत नव्हत्या.

यंदा तिसरी होत नाही, सुगनाचं वर्ष जाणार, हे रामकलीला सांगायला आम्ही तिघं निघालो. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. आपणच आशा दाखवायची आणि आपणच जाऊन हात वर करायचे!

टोल्यावर पोचलो तर बायका कुदळी घेऊन मैदानात. वस्तीतल्या सगळ्या जणी, भट्टीवरचा दिवस बुडवून. दोन खोल्यांच्या पलीकडे पाया खणून तयार. सरळ रेषेत, दोरी लावून.

देशकर कासावीस झाले. "रामकली, अरे पैसे नहीं हैं! तीसरे कमरे के पैसे ही नहीं हैं!"

"बाबूजी, ठीक से गिनो," ती म्हणाली.

बाईंनी मोजलं. तिसऱ्या खोलीच्या पलीकडे आणखी एका खोलीचा पाया खणलेला होता.

"हा चौथा कशाला? ये किसका?" बाईंनी विचारलं.

"छठी का."

"पण सहावी... छठी तो सड़क के उस पार है ना?" देशकर म्हणाले. "कागज मिला कि सुगना वहाँ जाएगी."

"आप तो गाड़ी से आते हो, बाबूजी. बच्चियों को वो सड़क पैदल पार करनी पड़ेगी." रामकलीनं कुदळ बाजूला ठेवली आणि हात पदराला पुसले. "तीन कमरे दफ्तर ने माँगे थे. ये वाला मैंने माँगा है. कल से माँगने मैं साथ चलूँगी. देखती हूँ, मेरे सामने कौन ना बोलता है!"