नंबर आला, भाग दोन

सम्राटला नाही म्हणता येत नसे. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने चौथी जिलेबी पुढे केली तरी तो हात आडवा करायचा नाही. रांजणगावच्या कंपनीत कुणाला आपली शिफ्ट दुसऱ्याच्या गळ्यात घालायची असेल, तर तो सरळ सम्राटकडेच यायचा. गौतमी त्याला कॉलेजपासून ओळखत होती. ती म्हणायची, "तुझी मान नुसती खाली-वर हलती रं. आडवी हलतच न्हाई."

असा हा माणूस दोन तालुक्यांत माहीत होता, तो एका गेममुळे.

दहा वर्षांपूर्वी, दौंडला शिकत असताना, त्याने मोबाइलवर खेळायची एक गेम तयार केली. नाव 'नंबर आला'. आपल्या खुटबावच्या रानात ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या उसाने भरायच्या आणि कारखान्यावर पोचवायच्या. वाटेत माणसं मागून ऊस उपसायची. गाडी थांबवून उसाचं एखादं टिपरं आपल्या हाताने दिलं, तर पुढे ट्रॉली चिखलात रुतल्यावर तीच माणसं ढकलायला यायची. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. खेळता खेळता कळायचं.

पण गेमचा जीव होता कारखान्याच्या यार्डात. तिथे ट्रॅक्टरची रांग. हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. आणि बारा मिनिटं, खरीखुरी बारा मिनिटं, वाट बघायची. दुसरं काही करता यायचं नाही. शेकोटीभोवती ड्रायव्हर बोलत बसायचे. ट्रॉलीखाली कुत्रं झोपलेलं असायचं. हॉर्न वाजवला तर ते एक डोळा उघडायचं आणि परत मिटायचं. ड्रायव्हरांची बोलणी गौतमीने लिहिली होती. तेव्हा ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. एक ड्रायव्हर बायकोला फोनवर "निघालोच" म्हणून सांगायचा आणि तसाच बसून राहायचा. लोक त्यावर दर वेळी हसायचे.

शेवटी भोंग्यातून आवाज यायचा. "एकशे अठ्ठावीस... चला, एकशे अठ्ठावीस!" तो आवाज सम्राटच्या वडिलांचा, ज्ञानदेवमामांचा. मामांनी तीस हंगाम दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवला. हा पुकारा त्यांनी जन्मभर ऐकला होता. स्वतः पुकारला तो फक्त गेममध्ये.

कंपनीच्या बसची वाट बघत कामगार ती गेम खेळायचे. सणसवाडीच्या भाड्याच्या खोल्यांत परप्रांतातली पोरं "नंबर आया क्या?" असं एकमेकांना विचारायची. एका वर्तमानपत्रात सम्राटचा फोटो आला. साखरबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, तो कापून भाकरीच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला. तिथे वाफ लागून तो पार पिवळा पडला.

मग दहा वर्षं लोक विचारत राहिले, दुसरा भाग कधी? सम्राट म्हणायचा, करतो. यंदा त्याने खरंच केला.

गुरुवारी तो शिरूरला गौतमीच्या घरी आला. ती आता तिथल्या कॉलेजात तासांवर मराठी शिकवत होती. त्याने तिच्या फोनमध्ये नवी गेम टाकून दिली.

"रविवारी धा वाजता सोडायची. खुटबावला समाजमंदिरात कार्यक्रम हाय. तवर खेळ आन् सांग."

"भारीच असंल की."

"समदे भारीच म्हणत्यात. तू खरं सांग."

नवी गेम जुनीच्या जागी बसणार होती. लोकांच्या फोनवर एकदा नवी आली की जुनी उघडणार नव्हती. जाता जाता त्याने हेही सांगितलं, पावसाची बातमी सांगावी तसं.

गौतमीने गेम उघडली. आधी हार घातलेली कमान आली. मग 'शुभेच्छुक' असं लिहून आलं आणि एकेक फोटो यायला लागला. सोसायटीचे माजी चेअरमन पोपटराव. मग जयसिंगराव, गॉगल लावून. मग कुणी युवा नेते. तिने मोजले, एक्केचाळीस. मग कुठे ट्रॅक्टर दिसला. तो चकचकीत होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना फ्लेक्स, चौफुल्यापासून न्हावऱ्यापर्यंत. त्यांच्यामधून रस्ता दिसत नव्हता. ऊस मागणारी माणसं नव्हती. कारखाना आला तेव्हा पडद्यावर एक पिवळं बटण आलं, 'रांग टाळा'. तिने ते दाबलं नाही. तरी पाच सेकंदांनी ते आपोआप दाबलं गेलं. ट्रॅक्टर थेट वजनकाट्यावर उभा, आणि शेजारी एक हेलिकॉप्टर. ना शेकोटी, ना कुत्रं, ना मामांचा आवाज.

ती फोन हातात धरून तशीच बसली. एखाद्याच्या घरी जावं आणि तिथे मंगल कार्यालय झालेलं असावं, तसं तिला वाटलं.

शनिवारी पहिली शिफ्ट सुटायच्या वेळी ती रांजणगावला कंपनीच्या गेटावर गेली. सम्राट हेल्मेट काखेत मारून बाहेर आला.

"खेळलीस?"

"तीनदा. तिसऱ्यांदा नुसती बघत बसले."

"आन्?"

"रस्ता दिसत न्हाई, सम्राट. मी ट्रॅक्टर घेऊन पोपटरावांच्या मिशीवर आदळले."

"मिशी न्हाई ती. तिथनं वळायचंय."

"कुणाला कळणार?"

तो हसला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पोपटराव म्हणाले, आमचं नाव कुठंतरी टाक बाबा. त्याने टाकलं. जयसिंगराव म्हणाले, त्याचं टाकलं आन् माझं न्हाई? त्यांचंही टाकलं. मग एकाचा फोटो मोठा आणि दुसऱ्याचा बारका झाला, म्हणून दोन दिवस फोन चालू होते. कुणी म्हणालं, यार्डात लई टाइम जातो. त्याने बटण टाकलं. कुणी म्हणालं, ऊस उपसताना दाखवतोस, गावाची बदनामी होती. त्याने माणसं काढली.

"आन् ते हेलिकॉप्टर?"

"सरपंचाच्या जावयाला पायजे व्हतं."

"उसाच्या गेममधी?"

"उडत न्हाई ते. नुसतं उभं हाय."

गौतमीला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही येईल असं वाटलं.

"मामांचा फोटो का न्हाई एक्केचाळीसांत?"

"त्यांनी मागितलाच न्हाई."

कंपनीच्या बसेस एकामागून एक निघून गेल्या.

"ही गेम वाईट झालीय," ती म्हणाली. "तू केलेली वाटतच न्हाई. उद्या सोडू नको. कार्यक्रम होऊ दे, भाषणं होऊ दे, पण सोडू नको. जुनी जाईल सगळ्यांची."

सम्राटने शर्टाच्या टोकाने हेल्मेटची काच पुसली. आतून पुसली, बाहेरून पुसली.

"न्हाई," तो म्हणाला.

"काय न्हाई?"

"थांबवायचो न्हाई. लोकांना शब्द दिलाय."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून नकार तिने ऐकलाच नव्हता.

"पहिल्यांदा कुणाला तरी न्हाई म्हणालास, आन् ते मला?"

"तुलाच म्हणता येतं," सम्राट म्हणाला. "तू उद्या बी बोलशील माझ्याशी. त्यांचं काय सांगावं?"

रविवारी समाजमंदिरात पन्नास खुर्च्या होत्या आणि सव्वाशे माणसं. एरवी वस्तीच्या या बाजूला न फिरकणारी माणसंही आली होती. पोपटरावांनी बटण दाबलं. टाळ्या झाल्या. मग सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि आपापला, नाहीतर आपल्या माणसाचा फोटो शोधायला सुरुवात केली. सापडला की शेजाऱ्याला दाखवायचा. फोटोंच्या पुढे कुणी गेलं नाही. ज्ञानदेवमामा मागच्या भिंतीला टेकून उभे होते. गौतमी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"माझा आवाज हाय का गं यात?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाई, मामा."

"बरं," मामा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आता कोण थांबतंय म्हणा."

आठवडा लोकांनी तोंडदेखलं कौतुक केलं. मग कुणी गेमचं नावच काढेना. सम्राटनेही काढलं नाही. गौतमी त्याच्याशी बोलत होती, तो म्हणाला होता तशीच. पण गेमवर दोघंही बोलत नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात पोपटरावांचा त्याला फोन आला. सम्राटने गौतमीला तो नंतर जसाच्या तसा करून दाखवला. "सम्राट, एकटाच हायस का? हां. मग ऐक. ती जुनी माझ्या फोनवर परत टाकता यील का? सकाळी सोसायटीत बसल्यावर बारा मिन्टं बरी जात व्हती. आन् हे बघ, जयसिंगला कळू दिऊ नको."

दोन दिवसांनी जयसिंगरावांचा आला. पोपटला कळू देऊ नको.

सम्राटला नाही म्हणता येत नव्हतं. तो मोटारसायकलवर निघाला. जुनी त्याच्या जुन्या फोनमध्ये होतीच. ती फोनवरून फोनवर द्यायला लागला. खुटबावला दिली, चौफुल्यावर दिली, सणसवाडीच्या खोल्यांत रविवार घालवला. नवी काढून टाकायची, जुनी घालायची. एक्केचाळीस फोटो एकेका फोनवरून जात होते आणि फोटोवाले स्वतःच काढून घेत होते.

एका दुपारी गौतमी रांजणगावच्या बसथांब्यावर त्याच्यासोबत उभी होती. बाकड्यावर चौघं खाली मान घालून बसलेले. कंपनीची बस आली. कुणी उठेना.

"चला की!" ड्रायव्हर ओरडला.

"दोन मिन्टं, भाऊ. नंबर जवळ आलाय."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. एका फोनमधल्या कुत्र्याने बहुधा एक डोळा उघडला असेल. मग चारी फोनांतून मागेपुढे मामांचा आवाज आला. "एकशे अठ्ठावीस... चला!" चौघं उठले.

चढता चढता एकजण वळला. "सम्राटदादा, यार्डात माझ्या मेव्हण्याचा चहाचा गाडा टाक की. लई चालंल."

सम्राटची मान खाली जायला लागली. मग मध्येच थांबली. त्याने गौतमीकडे बघितलं.

"बघू," तो म्हणाला.

बस निघून गेली. गौतमीने आपला फोन त्याच्यापुढे धरला, आणि तो जुनी गेम टाकायला लागला.