भावाला न सांगितलेला जनुक

पुण्याचे डॉक्टर म्हणाले होते, "तुमच्या किडनीचा आजार जनुकातल्या दोषाचा आहे. भावाचं रक्त तपासा, त्यालाही आधीच कळेल. याच जनुकावर औषध शोधताहेत." तेव्हा धाकट्या भावाच्या मुलीची सोयरीक महाळुंग्यात ठरत होती. पावणे घराण्यातलं दुखणं विचारणारच, म्हणून मी सगळ्यांना सांगितलं, "अंगदुखीच्या गोळ्या खाऊन किडनी बिघडली."

पुतणीच्या लग्नाला दोन वर्षं झाली. भावाच्या पायांवर सूज दिसली की मी चहा अर्धा टाकून रानात जायचो.

काल वारूळवाडीच्या मळ्यात माझा जनुकाचा रिपोर्ट त्याच्या हातात दिला.

"लगीन झाल्यावर तरी सांगायचं व्हतं की रं दादा," तो म्हणाला.

त्यानं मोबाईल पुढं केला. "पोरीलाबी तपासाय लागंल. तूच सांग तिला."