जाऊला घेऊन आली

तलासरीच्या आमच्या आरोग्य केंद्रात पाड्यावरची एक गरोदर बाई दर महिन्याला यायची. मूल वेळेआधी जन्मू नये म्हणून एका गोळीची चाचणी चालू होती. काही गरोदर बायकांना औषधाची गोळी, काहींना तशीच दिसणारी साधी. कुणाला कोणती, हे नर्स असूनही मला ठाऊक नसायचं. ती बाक सोडून जमिनीवर बसायची, तोंडाला पदर लावायची आणि विचारायची, "ताई, माझी गोळी खरी का खोटी?" मग उत्तराआधीच हसायची.

सातव्या महिन्यातच तिला कळा सुरू झाल्या. जीपमधून दवाखान्यात नेलं. पोर तळहाताएवढं होतं, संध्याकाळपर्यंतच जगलं. मला वाटलं, आता ही आमचं तोंडही बघणार नाही. पाड्यावर तिला भेटायला जायचा धीर मला होत नव्हता.

पुढच्याच आठवड्यात ती भिंतीला धरत धरत आत आली. मागे तिची धाकटी जाऊ.

"ताई, हिला दिवस गेलेत. हिला पण घ्या."

मी हबकलेच. "अगं, तुझं असं झालं, आणि तू हिला इथं आणतेस?"

"माझं पोर गेलं ते गेलं," ती म्हणाली. "पण इथं कोणीतरी पोटाला हात लावून बघतं. पाड्यावर कोण बघतंय?"

तिनंच जाऊला खांद्याला धरून वजनकाट्यावर उभं केलं.

"बघा ना ताई, किती भरलं?"