गाडी मोडणारा ऑयगेन

ऑयगेन विडमायरला पगार मिळायचा तो गाड्या मोडण्याचा. जर्मनीतल्या आमच्या श्वाबेनमध्ये वस्तू जपून वापरायची ही जुनी खोड. इथं माणूस कोटाची बटणंसुद्धा वारसाला ठेवून जातो. त्यामुळे ऑयगेनच्या कामाची गावात भारी थट्टा व्हायची.

तो मूळचा पाववाल्याचा मुलगा. बापाची पाव पोचवायची गाडी तो टेकडीच्या वळणांवरून अशी पळवायचा, की ब्रेझेलचे पिळाचे पाव गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत सगळे एका कोपऱ्यात गोळा झालेले असत. शेवटी बापानंच त्याला आमच्या कारखान्यात चिकटवून दिलं. आम्ही लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी गाड्या बनवायचो. अशा शर्यतीत दोघं-तिघं ड्रायव्हर आळीपाळीनं एकच गाडी तासन् तास हाकतात. गाडी नुसती वेगवान असून भागत नाही, ती शेवटपर्यंत टिकावी लागते.

टिकते की नाही हे पाहायला कारखान्यामागे एक मुद्दाम बिघडवून ठेवलेला रस्ता होता. खड्डे, आडवे लोखंडी पट्टे, आणि एका ठिकाणी असा उंचवटा की चारही चाकं जमीन सोडायची. ऑयगेन शर्यतीची गाडी घेऊन त्या रस्त्यावर फिरत राहायचा, काहीतरी तुटेपर्यंत. गाडी वेगात जमिनीला चिकटून राहावी म्हणून तिच्या स्प्रिंगा दगडासारख्या कडक असत. प्रत्येक खड्डा त्याच्या मणक्यात जायचा. तुटलं की तो गाडीशेजारी उभा राहून हात हलवायचा आणि आम्ही धावत सुटायचो. मी चाकांच्या जोडांच्या कामावर होतो, म्हणून सगळ्यात पुढे मीच.

"काय मोडलं?" आमचे मुख्य इंजिनिअर डॉक्टर क्नॉल धापा टाकत विचारायचे.

"मागचा डावा दांडा. खाडकन गेला!"

"वा, छान! शाबास, विडमायर!"

इथं मोडलं ते शर्यतीत मोडणार नाही, हा हिशेब. तुटका दांडा हातात घेऊन आम्ही बारशाला जमल्यासारखे उभे असायचो.

घरची गाडी मात्र तो इतकी सावकाश चालवायचा, की मागून ट्रॅक्टरवाले हॉर्न मारत. बायको ट्राउडेल चिडायची. "दिवसभर त्यांची गाडी हवेत उडवतोस, आणि मला चर्चला न्यायचं म्हटलं की गोगलगाय!"

एका वसंतात बेल्जियमच्या डोंगरातली शर्यत चार दिवसांवर आली, आणि आमच्या एर्वे नावाच्या फ्रेंच ड्रायव्हरला त्याच्या लेकीकडून गालगुंड झालं. हेल्मेट डोक्यात जाईना. डॉक्टर क्नॉल जेवणाच्या सुट्टीत ऑयगेनसमोर येऊन बसले.

"विडमायर, तुमच्याकडे शर्यतीचं लायसन्स आहे का हो?"

"आहे. दरवर्षी नवं करून घेतो."

"कशाला?"

ऑयगेनचे कान लाल झाले. "असावं म्हणून," तो म्हणाला. त्याच्या मनात काय होतं ते त्या दिवशी सगळ्या टेबलाला कळलं.

बेल्जियमला ट्राउडेलही आली. डबाभर बटाट्याचं सॅलड घेऊन ती बाकांवर पहिल्या रांगेत बसली. सुरुवातीचा टप्पा आमच्या अ‍ॅलस्टेअरनं चालवला. हा तोंडाळ स्कॉटिश पोरगा आमची भाषा मोडूनतोडून पण बेधडक बोलायचा. दुसऱ्या टप्प्याला ऑयगेन बसला. गाडी तो झकास चालवत होता, पण एक गोष्ट आमच्या कुणाच्याच लक्षात आली नव्हती. इतकी वर्षं तो रस्त्यावर एकटा होता. आरशात दुसरी गाडी दिसण्याची त्याला सवयच नव्हती. कुणी मागे आलं की तो सभ्यपणे बाजूला व्हायचा.

तो उतरला तेव्हा अ‍ॅलस्टेअर कमरेवर हात ठेवून उभा. "तू त्या निळ्या गाडीला हात करून पुढे जा म्हणालास? मी पडद्यावर पाहिलं!"

"त्याला घाई होती."

"इथं सगळ्यांनाच घाई असते रे बाबा! ही शर्यत आहे, लग्नाची वरात नाही!"

ऑयगेन हातमोजे काढत आत गेला. पण पुढच्या खेपेला एक पिवळी गाडी चढावरच्या लांब वळणात त्याच्या बाजूला घुसायला लागली, तेव्हा तो जागचा हलला नाही. दारं एकमेकांना घासली. पिवळी गाडी मागे हटली. ऑयगेन परतला तेव्हा डावा आरसा नव्हता आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. तिकडे ट्राउडेल बाकावर उभी राहून ओरडत होती. तिचा आवाज बसला तो दोन दिवस.

शेवटच्या तासात अ‍ॅलस्टेअर लंगडत्या गाडीनं आमच्या दुरुस्तीच्या गाळ्यात आला. मागच्या चाकाचा जोड तुटला होता, म्हणजे माझंच काम. आमचे चेहरे पडले, डॉक्टर क्नॉल भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तेवढ्यात मागून उत्साही आवाज आला. "काय मोडलं? बघू, बघू!" ऑयगेन सवयीनं वाकून गाडीखाली डोकावत होता. कुणी हसलं नाही. एका मेकॅनिकनं पाना जमिनीवर आपटला. ऑयगेन हळूच सरळ झाला आणि बाजूला जाऊन उभा राहिला. आम्ही जोड बदलला, अ‍ॅलस्टेअरनं शर्यत पुरी केली, नववा नंबर आला.

सोमवारी डॉक्टर क्नॉलनी त्याला उरलेल्या हंगामासाठी राखीव ड्रायव्हर व्हा म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी त्यानं नाही म्हटलं. मसूर आणि श्पेट्झलंच्या जाड शेवया खाताना मी विचारलं, "अरे, वेडा का तू?"

"तिथं मोडलं की माणसं तोंड पाडतात रे," तो म्हणाला. "मला नाही बघवलं ते. इथं मी मोडलं की तुम्ही धावत येता."

"आणि ती पिवळी गाडी?"

"मजा आली. खोटं कशाला बोलू? हौस होती, फिटली." आणि त्यानं माझ्या ताटातला सॉसेज उचलला.

ट्राउडेल त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही. शनिवारी इमारतीचा जिना झाडायची पाळी तिची होती. तिनं तो असा दणादणा झाडला की खालच्या मजल्यावरचे बाहेर आले. ऑयगेन मात्र खराब रस्त्यावर परत गेला आणि तोच जोड तसाच तीनदा तोडून आणला. मी तो जाड केला, कोन बदलला. पुढच्या वर्षी तो कुठंच तुटला नाही. जिंकलो नाही ते नाहीच. पाऊस आला आणि आम्ही टायर चुकीचे लावले.

नवरा-बायकोची तडजोड अशी झाली की दरवर्षी दोघांनी तंबू घेऊन बेल्जियमला जायचं, बघायला. निवृत्तीनंतरही ते चुकलं नाही. गेल्या वर्षी मीही बरोबर होतो. ट्राउडेल हातात तळलेल्या बटाट्यांचा कोन घेऊन कुठल्याशा पोरसवदा ड्रायव्हरला "अरे घूस ना, घूस!" म्हणून ओरडत होती. मोठ्या गाड्यांच्या आवाजानं जमीन थरथरत होती. आणि ऑयगेन घडीच्या खुर्चीत, टोपी डोळ्यांवर ओढून, उन्हात गाढ झोपला होता.